डाव्या हाताचा सीडी प्लेअर

"आजी, सीडी आता कोण ऐकतं?"

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की पुढे पुढे माणसाने तोंड उघडायच्या आधीच मला राग यायला लागला. अलिबागच्या दुकानदाराने ऐकवलं, गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या बायकोने ऐकवलं, मुलाने फोनवर ऐकवलं. एका लग्नात तर पंगतीत शेजारी बसलेल्या, ओळख ना पाळख अशा बाईनेही ऐकवलं. कोण ऐकतं म्हणजे? आम्ही ऐकतो. मी तुमच्यासमोर उभी आहे, पर्स उघडून उभी आहे, आणि तुम्ही मलाच सांगता की असं माणूस जगात उरलेलं नाही!

आमची वाडी रेवदंड्याच्या अलीकडे. नारळ, सुपारी, कुंपणाला लागून दोन-चार जायफळं आणि मधोमध घर. मी शाळेत गणित शिकवायची, हे पाटबंधारे खात्यात होते. मुलगा-सून खारघरला, आम्ही दोघं इथे. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी अजूनही घेत नाही, लाजेने नव्हे, सवयीने.

ह्यांना गाणं ऐकायचा नाद. दारूचा नाही, पत्त्यांचा नाही, म्हणून मी कधी आडवी आले नाही. आधी ॲम्प्लिफायर आला, मग दोन मोठे स्पीकर, मग कॅसेटचा डेक जाऊन सीडी प्लेअर आला. असं ते सगळं एकेक करत जमलं. खाऱ्या वाऱ्यात ही यंत्रं सांभाळणं म्हणजे रोजची चाकरी. वायरींची पितळी टोकं हिरवी पडतात, ती खोडरबराने घासायची. सीडींच्या काचेच्या कपाटात बुरशी धरू नये म्हणून आत झिरोचा दिवा रात्रंदिवस जळत ठेवायचा. त्या दिव्यावरून आमचं कितीदा वाजलंय. दिवा अजून जळतोच आहे.

मग काही वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. पाय पुष्कळसा सुधारला, काठी घेऊन विहिरीपर्यंत जाऊन येतात. समजतं सगळं. पेपर वाचतात, हिशोबात माझी चूक झाली तर बोट ठेवून दाखवतात. पण तोंडून शब्द येतो तो एकच, "बरं." होय म्हणायचं असलं तरी बरं, नको म्हणायचं असलं तरी बरं. चहा गार आहे, बरं. दारात साप आहे, बरं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतलं शब्दांचं घर बंद झालंय, हा एकच दाराबाहेर राहिलाय. राहिला तो निदान भला शब्द राहिला, असं तेव्हा मला वाटलं होतं. पण एकाच शब्दावर दिवस काढणाऱ्या माणसाबरोबर राहून बघा म्हणजे कळेल.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिने डाव्या हाताला दाबायला रबरी चेंडू दिला, कपड्यांचे चिमटे दिले. ह्यांनी दोन दिवस दाबले आणि चेंडू वाडीत फेकून दिला. मी ओरडले. ते उठले, प्लेअरपाशी जाऊन बसले आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचाच व्यायाम सुरू केला. सीडीचं कव्हर पोटाशी दाबून धरायचं, अंगठ्याने उघडायचं, मधल्या भोकात बोट घालून तबकडी उचलायची, बटण दाबायचं, ट्रे बाहेर आला की त्यात ठेवायची, पुन्हा बटण. पहिल्यांदा कव्हरं फुटली, तबकड्या घरंगळत पलंगाखाली गेल्या. मी मदतीला गेले की डोळे वटारायचे. किती महिने लागले कोण जाणे, पण एक दिवस मी स्वयंपाकघरात असताना बाहेरून बासरी ऐकू आली, आणि मी तव्यावरचं थालीपीठ करपू दिलं.

तेव्हापासून ते ह्यांचं बोलणं झालं. मी हे उगाच काव्य करून सांगत नाहीये. खरंच सांगते, घरात काय लागलंय त्यावरून मला कळायचं. सकाळी बासरी लागली की रात्र चांगली गेली. भजनं लागली की सासूबाईंची आठवण येते आहे. तबला लागला की जेवायला वाढायला उशीर झालाय. आणि सनई लागली, की माझं काहीतरी चुकलं.

सनई मला सोसत नाही. लग्नघरात पहाटेपासून ती सुरू झाली की माझं डोकं उठतं. हे ह्यांना आमच्या लग्नापासून माहीत आहे. ती सीडी कुणीतरी आहेर म्हणून दिलेली, वर्षानुवर्षं खालच्या कप्प्यात टोकाला पडून होती. झटक्यानंतर ह्यांना तिचा उपयोग सापडला. आमटीत मीठ कमी पडलं, सनई. डॉक्टरांनी नको म्हटलंय म्हणून लोणचं दिलं नाही, सनई. पाहुण्यांनी ह्यांना काही विचारलं आणि त्यांच्याऐवजी मीच उत्तर देऊन मोकळी झाले, तर पाहुणे फाटकाबाहेर पडायच्या आत सनई, आणि तीही मोठ्याने. मग मी दारात उभी राहून भांडायची, ते आवाज आणखी वाढवायचे. आमचं भांडण छान चालायचं.

गेल्या भाद्रपदात प्लेअरचा ट्रे अडकायला लागला. बटण दाबलं की अर्धा बाहेर यायचा आणि कुरकुरायचा. मी म्हटलं, पाऊस उघडला की कुणाला तरी दाखवू. एके दिवशी मी बँकेत गेले आणि परत आले तो हे खुर्चीत प्रसन्न बसलेले. शेजारी स्टुलावर खोबरेलाची वाटी, वाटीत फुलवात.

आता हे आमच्या किनाऱ्याबाहेरच्या माणसाला कळणार नाही. इथे लोखंड म्हणून जे काही आहे ते गंजतं आणि त्यावर औषध एकच, वाडीतलं खोबरेल. विळीच्या पात्याला, कोयत्याला, दाराच्या कडीला, कुलपाला, शिलाई मशीनला, सायकलच्या चेनला. सासूबाई मृगाच्या आधी वाटी घेऊन घरभर फिरायच्या आणि जे कुरकुरतं त्याला तेल लावायच्या. ह्यांनी जन्मभर तेच पाहिलेलं. यंत्र कुरकुरलं, ह्यांनी तेल घातलं. तेही कसं, फुलवातीने, एका हाताने, एक थेंब इकडेतिकडे न सांडता. मला बघताच त्यांनी बटण दाबलं. ट्रे असा अलगद सरकला, की नवा होता तेव्हाही तसा सरकला नसेल.

"बरं," हे म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद.

सीडी आत गेली, थोडी घरघरली आणि छोट्या खिडकीत अक्षरं उमटली, आत सीडीच नाही म्हणून. पुन्हा घातली, तेच. दुसरी घातली, तेच. ह्यांनी एकामागून एक तबकड्या घालून बघितल्या आणि ते यंत्र दर वेळी सांगत राहिलं, की तुम्ही मला काहीच दिलेलं नाही.

दुरुस्तीवाल्याने झाकण काढलं आणि हसायलाच लागला. "काकू, याला तर अभ्यंगस्नान घातलंय." तेल पट्ट्यावर उतरलं होतं, तिथून भिंगावर. त्याने पुसलं, सुकवलं, पण त्या भिंगाने काही डोळा उघडला नाही. तो भाग आता येत नाही म्हणाला. ह्यांनी ते तेलकट भिंग चष्मा लावून कितीतरी वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाले, इतक्या हळू की दुरुस्तीवाल्याला ऐकू गेलं नाही. त्यांना कळलं होतं. दुसऱ्यांदा तसं होणार नव्हतं, हे मला तिथेच समजलं.

मग घर गप्प झालं. घर गप्प आणि शेजारची वाडी मात्र कोकलायला मोकळी. ती विकली गेली आणि तिथे होमस्टे झालाय. शनिवार-रविवार मुंबईहून माणसं येतात, नारळाच्या झाडांना रंगीत दिव्यांच्या माळा घालतात आणि धडधड करणारी गाणी लावतात. हे ओटीवर बसून ती गाणी ऐकायचे, कारण दुसरं काही ऐकायला नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर काय ऐकायचं ते स्वतः ठरवलं, तो दुसऱ्यांच्या सुट्टीची गाणी ऐकत बसला होता. विचारलं, बरं वाटतंय का? बरं. त्रास होतोय का? बरं. मला काही म्हणजे काही कळेनासं झालं.

दिवाळीला मुलगा आला. येताना एक डबी घेऊन आला, हळदीकुंकवाच्या कोयरीपेक्षा थोडी मोठी. ओटीवर ठेवली, फोनशी जोडली आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "आई, आता काही दाबायला नको, काही घालायला नको. बाबांनी नुसतं बोलायचं. गाण्याचं नाव सांगितलं की लागतं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "कुणी बोलायचं?"

"कुणीही."

"बाबांनी?"

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा उतरला, पण हार मानेल तर तो माझा मुलगा कसला! "मग तू सांगत जा ना त्यांच्यासाठी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगत जा! म्हणजे ह्यांना काय हवं ते मी ठरवायचं, मी उच्चारायचं आणि ह्यांनी ऐकायचं. आणि माझ्यावर राग आला तर? तर मीच त्या डबीला विनंती करायची का, की बाई ग, माझ्यावर चिडलेत, जरा सनई लाव? मुलाला माझं बोलणं कळेना. तो म्हणाला, तू उगाच तापतेस. त्यात जगातली सगळी गाणी आहेत.

हे मधे आले. डबीपुढे वाकले, चष्मा नीट केला आणि स्पष्ट म्हणाले, "बरं."

डबीने गोड आवाजात सांगितलं, की तिला समजलं नाही.

हे परत म्हणाले. तिला परत समजलं नाही. मग ते काठी टेकत मागच्या पडवीत निघून गेले. मला ती डबी उचलून विहिरीत टाकावीशी वाटली. मुलासमोर टाकली नाही, एवढंच.

मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "आई, खरं सांगू? प्लेअर बाबांनीच घालवला. मशीनमध्ये तेल कुणी घालतं का? त्यांना आता कळेनासं झालंय, तुला ते मान्य करायचं नाही. नवा आणलास तर तोही घालवतील. उद्या गॅसपाशी जातील. तू त्यांना कशालाच हात लावू देऊ नकोस." आणि रिकामा खोका घेऊन तो कपाटापाशी गेला. सगळ्या सीडी घेऊन जातो म्हणाला, कॉम्प्युटरवर घालतो, मग त्या फोनमधून वाजतील. कपाट रिकामं झालं की झिरोचा दिवाही नको.

पडवीत सगळं ऐकू जात असणारच. हे परत आले, कपाटाच्या काचेवर डावा हात ठेवला आणि उभे राहिले.

"बाबा, मी परत आणून देईन."

"बरं," हे म्हणाले. हात हलला नाही.

"बाबा, सरका ना थोडे."

"बरं."

बापलेक तसे उभे, मी मधे. तेवढ्यात मागच्या दारी हाक आली. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी कोळीण पाटी उतरवून बसली होती. आतला आवाज तिने ऐकलाच होता. काय झालं काकू, म्हणून तिने विचारलं आणि मी मुद्दाम मोठ्याने, आत ऐकू जाईल असं सांगितलं, की काकांनी गाण्याच्या मशीनमध्ये तेल घातलं आणि मशीन बंद पडलं.

"कंचं त्याल?" तिने विचारलं. "वाडीतलं का दुकानातलं?"

"वाडीतलं."

"मंग का बिघडलं?" तिला खरोखरच नवल वाटलं. "वाडीतल्या तेलानी न्हाय बिघडत काय. मशीनीतच खोट आसंल. मी माझ्या टीव्हीच्या रिमोटला दर पावसाला लावतंय."

"चालतो का मग रिमोट?"

"न्हाय चालत," ती म्हणाली. "पन गंजला न्हाय बगा."

मी मागे वळून मुलाकडे पाहिलं. "हिचंही डोकं गेलंय का, विचार. दिवसभर बाजारात बसून आपला धंदा आपण सांभाळते. अरे, तुझ्या बाबांनी तेल घातलं ते आजारामुळे नव्हे. ते या मातीतले आहेत म्हणून. तुझी आजी असती तर तिनेही घातलं असतं आणि तू तिला मशीन पुसून दिलं असतंस!"

मुलगा हसला. खूप दिवसांनी मोकळा हसला. खोका त्याने जमिनीवर ठेवला, आणि मग ह्यांनी काचेवरचा हात काढला. जाताना डबी मात्र इथेच ठेवून गेला. असू दे म्हणाला, कंटाळा आला तर. तिच्यावर मी खणाचा रुमाल टाकून ठेवलाय.

प्लेअर शोधायला मी कंबर कसली ती त्या दिवशी. अलिबागच्या दुकानात माणसाने मला मोठा थोरला काळा खांब दाखवला. मधे जांभळे दिवे लुकलुकत होते, वर माईक खोवलेला. "आजी, यात सगळं आहे."

"सीडी कुठून घालायची?"

"ती सोय नाही."

"मग सगळं कसं आहे?"

यावर तो, सीडी आता कोण ऐकतं, हे ऐकवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुसऱ्या दुकानात डीव्हीडीचं यंत्र होतं, पण त्याला टीव्ही जोडायला हवा आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या बटणांचा रिमोट. तिसऱ्या दुकानात पेनड्राइव्ह. चौथ्यात माझी कीव. मला कुणी चिडून बोललेलं चालतं, कीव केलेली चालत नाही. वस्तू विकत नाही म्हणा, संपली म्हणा. पण मीच शिल्लक राहिलेली आहे असं माझ्याकडे बघू नका.

शेवटी मुंबईत जुनी यंत्रं ठाकठीक करून विकणाऱ्या एकाचा पत्ता मिळाला. चुलत जाऊबाईंना ह्यांच्यापाशी बसवलं आणि सकाळच्या एसटीने रेवसला गेले, तिथून लाँचने भाऊच्या धक्क्याला. वाजवून बघायला एक सीडी घ्यायला हवी होती. ह्यांच्या आवडीची न्यायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, एखाद्या यंत्राने ओरखडा पाडलाच तर त्याच्यासारखं सुख नाही, आणि सनई पर्समध्ये टाकली.

दुकानदार गुजराथी, बोलायला गोड. त्याने तीन प्लेअर समोर मांडले. मी स्टुलावर बसले, उजवा हात पदरात गुंडाळून कमरेशी खोचला आणि डाव्या हाताने कामाला लागले.

"काय थयुं मावशी, हाताला?"

"काही नाही. माझा हात ठीक आहे," मी म्हटलं. त्याला काय समजायचं ते समजू दे.

पहिला चंदेरी, देखणा. त्याला ट्रेच नव्हता, नुसती फट. सीडी सरळ रेषेत धरून आत ढकलायची. माझा धडधाकट डावा हातसुद्धा दोनदा चुकला. आणि परत देताना ती अर्धीच बाहेर काढायचा, चिमटीत धरून ओढावी लागायची. बाद. दुसऱ्याला वरून झाकण. एका हाताने ते धरून ठेवल्याशिवाय सीडी खुंटीवर बसेना आणि बसली की निघेना. त्या यंत्राची तर मला चीडच आली. बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं, की माणसाला दोन हात असणारच. तोही बाद. तिसरा काळा, बोजड, कडा घासलेल्या. दुकानदार म्हणाला, "आ तो जुनो छे मावशी, चंदेरीवाला घ्या ने." मी बटण दाबलं. बटण चांगलं रुपयाएवढं, दाबलं की बोटाला कळणारं. ट्रे सावकाश बाहेर आला, रुंद, आणि तिथे वाट बघत थांबला. घाई नाही. मी कव्हर पोटाशी धरलं, अंगठ्याने उघडायला गेले आणि ते हातातून निसटून जमिनीवर पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. दुकानातली माणसं बघत होती.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, ह्यांनी काय शिकून घेतलं होतं ते. इतकी वर्षं मी दारातून बघत होते, पण माझ्या हाताला ते माहीत नव्हतं. रडू आलं आणि चारचौघांत रडू आलं म्हणून संतापही आला. तिसऱ्या खेपेला कव्हर उघडलं. तबकडी ट्रेमध्ये बसली, ट्रे आत गेला आणि सनई सुरू झाली. आवडली नाहीच. पण बंदही करावीशी वाटेना, म्हणून पहिला राग संपेपर्यंत ऐकली.

"हाच द्या," मी म्हटलं. दुकानदाराने किंमत जास्तच सांगितली असणार. मी घासाघीस केली नाही, आणि हे माझ्या स्वभावात नाही.

तो बोजा घेऊन लाँच, एसटी करत घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, देवाला फूल घालून, वायरी घेऊन बसले. लाल टोक लाल भोकात, पांढरं पांढऱ्यात. हे खुर्चीत बसून बघत होते. ॲम्प्लिफायरचा दिवा लागला आणि मला इतका आनंद झाला, की विचारायची सोय नाही. अलिबागचा तो खांबवाला, मुलगा, डबीतली बाई, सगळ्यांवर मी मात केली होती. मी कपाट उघडलं, बासरीची सीडी काढली, ट्रेमध्ये ठेवली, बटण दाबलं आणि कमरेवर हात ठेवून वळले. "ऐका!"

बासरी काय सुंदर वाजत होती. स्पीकर जणू श्वास रोखून बसले होते इतके दिवस.

हे माझ्याकडे बघतच नव्हते. काठी टेकून उठले, हळूहळू प्लेअरपाशी आले आणि बटण दाबलं. बासरी तुटली. ट्रे बाहेर आला. त्यांनी बोटाने तबकडी उचलली, कव्हर पोटाशी धरून आत बसवली, कव्हर मिटवलं आणि कपाटात त्याच्या जागी ठेवून दिलं.

"अहो, काय झालं? वाजतोय ना चांगला?"

ते वाकले. खालच्या कप्प्यात टोकाला बोटं फिरली. जागा रिकामी होती. पुन्हा फिरली. मग ते सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

डोक्यात लख्ख उजेड पडला माझ्या. सगळ्या जगाशी ज्यासाठी भांडले, ते मीच करून बसले होते. कुठलं गाणं ते मी ठरवलं, मी लावलं आणि वर ऐका म्हणून हुकूम सोडला. त्या डबीत आणि माझ्यात फरक काय राहिला?

ह्यांनी डावा हात पुढे केला, तळवा वर करून. "बरं," म्हणाले. इतकं खणखणीत बरं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मी खुंटीवरची पर्स काढली, सनई बाहेर काढली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती पोटाशी धरली, अंगठ्याने उघडली, तबकडी ट्रेमध्ये ठेवली आणि रुपयाएवढं बटण दाबलं. आवाजाची चकती हाताला लागेल तितकी फिरवली. खिडक्यांची तावदानं थरथरली. सुपारीवरचे कावळे उडाले. हे खुर्चीत जाऊन बसले आणि माझ्याकडे न बघता समोर बघत राहिले, तोंड फुगवून, ताठ मानेने.

मी दारात उभी राहिले. डोकं उठलं होतं आणि डोळे वाहत होते. शेजारच्या होमस्टेतल्या पाहुण्यांची झोपमोड झाली असावी. दोन बायका कुंपणाशी आल्या आणि एकीने हसून ओरडून विचारलं, "काकू, लग्न आहे का घरात?"

"नाही," मी पदराने डोळे पुसत ओरडले. "भांडण चाललंय!"